बिबियाना श्टाइनहाउस बुंडेसलीगात गुणवत्तेवर आल्या की प्रसिद्धीसाठी आणल्या गेल्या?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. बुंडेसलीगातील, म्हणजे जर्मनीतील पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतील फुटबॉल स्पर्धेतील, पहिल्या महिला रेफरी बिबियाना श्टाइनहाउस यांना ती संधी गुणवत्तेवर मिळाली की केवळ प्रसिद्धीसाठी, ही एक. आणि रेफरीची परीक्षा देऊ पाहणाऱ्या आपल्या पुतणीने पुढे पुरुषांचे सामने घ्यावेत का, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आडपडदा न ठेवता देते: गुणवत्तेवर, आणि तेही फार उशिरा.

श्टाइनहाउस २००७ मध्ये जर्मनीतील पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीत रेफरी म्हणून आल्या आणि पुढची दहा वर्षे त्यांना तिथेच ठेवण्यात आले. याच काळात २०११ च्या महिला विश्वचषकाचा फ्रँकफर्टमधील अंतिम सामना, २०१२ च्या ऑलिंपिकमधील महिलांचा वेम्बलीवरील अंतिम सामना आणि जून २०१७ मध्ये कार्डिफ येथे झालेला महिला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना त्यांच्याकडे होता. महिला फुटबॉलमधील सर्वांत मोठे सामने त्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपवले जात असताना त्यांच्या स्वतःच्या देशातील पुरुषांची पहिली श्रेणी मात्र त्यांना बंद होती. मे २०१७ मध्ये तीन पुरुष रेफरींबरोबर त्यांची बढती जाहीर झाली आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, बर्लिनमध्ये हेर्था विरुद्ध वेर्डर ब्रेमेन हा सामना त्यांनी घेतला. तो १-१ असा सुटला. हेर्था क्लबने त्या दिवशी स्त्रियांना अर्ध्या दरात तिकिटे दिली होती, हे खरे आहे. पण ती क्लबची जाहिरात होती आणि तिचा हिशेब रेफरीच्या नावावर मांडणे अन्यायाचे आहे. ज्यांना केवळ प्रसिद्धी हवी असते, ते दहा वर्षे थांबत नाहीत.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण आपण विचारलेला प्रश्न मला स्वतःला वेगळ्या शब्दांत तोंडावर ऐकवला गेला आहे. मी आमच्या जिल्ह्यात बरीच वर्षे पुरुषांच्या वरिष्ठ गटाचे सामने घेतले. एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, १-१ अशी बरोबरी असताना, अखेरच्या मिनिटांत कॉर्नर मिळाला. कॉर्नरच्या वेळी रेफरीने चेंडूकडे पाहत राहायचे नसते, गर्दीतल्या हातांकडे पाहायचे असते, आणि मी तिकडेच पाहत होते. बचावपटूने समोरच्या स्ट्रायकरची जर्सी मुठीत धरून त्याला जागीच रोखले. चेंडू दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे गॅलरीतील कोणालाही ते दिसले नाही. मी शिट्टी वाजवली आणि पेनल्टी दिली. त्या संघाचा कर्णधार माझ्या अंगावर धावून आला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला यातलं काय कळतं? घरी जा." मी पिवळे कार्ड दाखवले. त्याने तेच पुन्हा, अधिक मोठ्याने आणि शिवी घालून म्हटले, तेव्हा लाल कार्ड दाखवले. प्रेक्षक मैदानात उतरले, खेळ बराच वेळ थांबला. पण सामना मी पूर्ण केला आणि त्याच शिट्टीवर संपवला.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत एका मुलाने मोबाइलवर केलेले चित्रीकरण सर्वांनी पाहिले. जर्सी ओढल्याचे त्यात स्पष्ट दिसत होते आणि माझा निर्णय चुकला, असे कोणीही म्हटले नाही. तरीही मला मिळायचा असलेला अंतिम सामना दुसऱ्याला देण्यात आला आणि कर्णधाराने तोंडी दिलगिरी व्यक्त करताच त्याचे प्रकरण मिटवले गेले. मला शिट्टी धरायला शिकवणारे, ज्यांना मी आजही सर म्हणते, ते ज्येष्ठ रेफरी बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरी, निर्णय बरोबरच होता. पण फायनलला वातावरण सांभाळावं लागतं." तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. माझे म्हणणे असे की वातावरण खेळाडू बिघडवतात आणि त्याची किंमत रेफरीकडून वसूल केली जाते. श्टाइनहाउस यांची निवड झाली तेव्हाही, हा सगळा तिकिटे खपवण्याचा प्रकार आहे, असे सरांनी मला आवर्जून कळवले होते.

त्याचे उत्तर पुढच्याच एप्रिलमध्ये मिळाले, असे मी मानते. १६ एप्रिल २०१८ रोजी माइन्झ विरुद्ध फ्रायबुर्ग या सामन्यात हाफ टाइमची शिट्टी वाजली आणि फ्रायबुर्गचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये पोहोचलेही. कोलोनमध्ये व्हिडिओ रेफरी म्हणून बसलेल्या श्टाइनहाउस यांना फ्रायबुर्गच्या खेळाडूचा हँडबॉल दिसला होता. त्यांनी मैदानावरील रेफरीला तो पाहायला लावला, खेळाडूंना परत बोलावण्यात आले आणि माइन्झला पेनल्टी मिळाली. त्यावर खूप ओरड झाली आणि प्रसंग विचित्र होता, हे मलाही मान्य आहे. पण लोक काय म्हणतील याचा विचार करून गप्प बसणारी व्यक्ती त्या खुर्चीवर नव्हती. वातावरण सांभाळणे म्हणजे दिसलेला फाउल सोडून देणे असेल, तर ते काम रेफरीचे नाही.

कर्णधाराच्या त्या वाक्याचेही तसेच. २०१५ मध्ये दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर काढले गेल्यावर फोर्टुना ड्युसेलडॉर्फचा केरेम देमिरबाय श्टाइनहाउस यांना म्हणाला होता की पुरुषांच्या फुटबॉलमध्ये स्त्रियांना स्थान नाही. त्याने माफी मागितली, तरीही त्याच्यावर बंदी आली आणि त्याच्या क्लबने त्याला मुलींच्या एका सामन्यात रेफरी म्हणून उभे केले. आमच्याकडे एवढे घडले असते, तर मी अंतिम सामन्याचा विषय कधीच सोडून दिला असता. ऑगस्ट २०१७ मध्ये बायर्न म्युनिक क्लबचा खेळाडू फ्रांक रिबेरी याने जर्मन चषकाच्या सामन्यात श्टाइनहाउस यांच्या बुटाची नाडी सोडली होती. बहुतेकांनी ते गमतीत घेतले. मला ते मुळीच आवडले नाही, कारण पुरुष रेफरीच्या बुटाला हात लावण्याचे धाडस त्याने केले नसते.

राहिला शारीरिक क्षमतेचा मुद्दा, जो सर दर वेळी शेवटी काढतात. पुरुषांचे सामने घेणाऱ्या स्त्रीला पुरुषांचीच चाचणी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय स्तरावर ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक धाव सहा सेकंदांत. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावणे आणि २५ मीटर १८ सेकंदांत चालणे, असे ४० वेळा. जी ही चाचणी उत्तीर्ण झाली, तिच्या क्षमतेविषयी पुन्हा चर्चा कशासाठी? फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये कोस्टा रिका विरुद्ध जर्मनी हा पुरुषांच्या विश्वचषकातील सामना घेतला, तेव्हा त्यांच्या दोन्ही लाइन्सवरही स्त्रियाच होत्या.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. श्टाइनहाउस यांचे सामने मी टीव्हीवरच पाहिले आहेत. शिवाय पहिल्या श्रेणीत रेफरींच्या जागाच थोड्या असतात आणि अनेक चांगले पुरुष रेफरीही दुसऱ्या श्रेणीतच निवृत्त होतात, त्यामुळे त्यांच्या दहा वर्षांचे कारण केवळ स्त्री असणे हेच होते, असे मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बायर्न विरुद्ध डोर्टमुंड हा सुपर कपचा सामना घेऊन त्या मैदानावरून निवृत्त झाल्या.

आपल्या पुतणीने पुरुषांचे सामने अवश्य घ्यावेत आणि पहिल्या वर्षापासून घ्यावेत. प्रत्येक सामन्याचा अहवाल त्याच रात्री लिहून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. एखादा सामना काढून घेतला गेला, तर त्याचे कारण लेखी मागावे. मी ते मागितले होते आणि आजवर मला मिळालेले नाही. नोकरी सोडू नये, कारण जिल्हा स्तरावरील मानधनातून प्रवासखर्चही जेमतेम निघतो. श्टाइनहाउस यासुद्धा बुंडेसलीगात पोहोचल्या तेव्हा पोलीस अधिकारीच होत्या.