गिऱ्हाइकाचा फोन उचलवत नाही

धंद्यात हातून महागडी चूक झाली, माल वाया गेला, गिऱ्हाईक चारचौघांत नको ते बोललं आणि आता त्याचं नाव फोनवर दिसलं तरी छातीत धस्स होतं. काय करू? छोटे व्यावसायिक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रश्न असतो. कुणाचं केटरिंग असतं, कुणाचं फर्निचर, कुणी लग्नाचे ब्लाउज शिवतं. आज एका साइनबोर्डवाल्यांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीच्या अलीकडचे. पुण्यात नऱ्ह्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप. वडील, म्हणजे अण्णा, जुने पेंटर. पेठांमधल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांनी ब्रशने रंगवलेल्या. मुलाने धंदा पुढे नेला, कर्ज काढून शीट कापणारं राउटर मशीन घेतलं, एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमचा थर असलेली शीट, ॲक्रिलिकची अक्षरं, आत एलईडी. मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. पुढे २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा बातम्या बघून पुण्यातल्या दुकानदारांचेही त्यांना फोन सुरू झाले. त्यातच दसरा-दिवाळी. रोज रात्री एक-दीडपर्यंत काम, दोन मुलं हाताखाली, आणि प्रत्येक पार्टीला बोर्ड मुहूर्ताच्या आधी हवा.

कोथरूडमधल्या एका नव्या दुकानाचा बोर्ड होता, बावीस फूट बाय चार फूट. ऑर्डर शहाऐंशी हजारांची, चाळीस हजार ॲडव्हान्स. माप घेतलं तेव्हा दुकानाच्या दोन्ही बाजूंचे खांब नुसते प्लास्टरचे होते. नंतर दुकानदाराने त्यांना दगडी टाइल्स लावून घेतल्या आणि मसाला धरून प्रत्येक खांब आतल्या बाजूला दोन इंच जाड झाला. दसऱ्याच्या आदल्या रात्री बोर्ड परांचीवर चढवला तर चार इंच जास्त. फ्रेम वेल्ड केलेली, एसीपी घडी मारून बसवलेलं, अक्षरं चिकटवलेली. रस्त्यावर गर्दी जमली. दुकानदार ओरडला, हे त्याच्या वरताण ओरडले, "तुम्ही टाइल्स लावल्यात, सांगायला काय झालं होतं?" मग माप घेणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या, बोर्ड टेम्पोत टाकला आणि निघून आले. दुकानाचं उद्घाटन फ्लेक्स लावून झालं.

त्यानंतर दुकानदाराचे फोन येत राहिले आणि यांनी एकही उचलला नाही. झोप उडाली. छातीत धडधड होते म्हणून फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. बायको वर्कशॉपचा हिशेब बघते, तीच त्यांना माझ्याकडे घेऊन आली. ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, हा धंदा माझ्याच्याने होणार नाही. माझी लायकीच नाही. अण्णांच्या हातून असं कधी झालं नाही."

हे वाक्य मी तिथेच धरलं. अण्णांच्या हातून चुका झालेल्याच नाहीत का, हे घरी विचारून या म्हटलं. पुढच्या वेळी ते विचारून आले. अण्णा म्हणाले होते, "अरे, ढीगभर चुका व्हायच्या. रंग ओला असेपर्यंत रॉकेलचा बोळा फिरवायचा आणि अक्षर परत काढायचं." ओल्या एनॅमलवर चुकलेलं अक्षर पुसता येत होतं. राउटरने एकदा शीट कापली की पुसायला काही उरत नाही. वडील आणि मुलगा यांच्यात माणूस म्हणून फरक नव्हता, एका चुकीची किंमत बदलली होती. हे त्यांना पटायला वेळ लागला, पण पटलं तेव्हा खांदे जरा सैल झालेले मला दिसले.

हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मनोविश्लेषक बाईंनी १९७१ मध्ये एक भेद नीट मांडला, तो मला अशा प्रत्येक माणसाच्या बाबतीत उपयोगी पडतो. 'मी हे चुकीचं केलं' हा अपराधभाव, आणि 'मीच वाईट' ही शरम. अपराधभावात माणूस दुरुस्तीकडे वळतो. शरमेत तो लपतो, नाहीतर अंगावर जातो. फुटपाथवरचा आरडाओरडा आणि नंतर न उचललेले फोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्यांना वाटत होतं. एक आपला स्वभाव तापट म्हणून, दुसरी आपण भित्रे म्हणून. मी म्हटलं, दोन्हीचं मूळ एकच आहे. तुम्हाला आतून नालायक वाटत होतं, ते सहन होत नव्हतं.

आणि फोन न उचलण्याचं एक आहे. रिंग बंद झाली की क्षणभर हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी न उचलणं आणखी सोपं होतं आणि भीती आणखी पक्की होते. मनाला तर हेच शिकवलं जातं ना, की उचलला नाही म्हणून वाचलो.

मग आम्ही कागद घेतला. नुकसान किती, असं विचारलं तर ते म्हणाले, दीड लाख बुडाले. ऑर्डरच शहाऐंशी हजारांची होती! मी सांगितलं, एकेक वस्तू लिहा. अक्षरं परत वापरता येतील? हो, अंतर थोडं कमी करून. एलईडी मोड्यूल, त्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस? तेही. फ्रेम? दोन्हीकडून कापून पुन्हा वेल्ड होईल. एसीपी मात्र वाया, तीन शीट. वेल्डरचे पैसे, दोन वेळा टेम्पो, परांची, रात्रीच्या फिटिंगची मजुरी. बेरीज एकवीस हजारांच्या आसपास आली. एकवीस हजार लहान रक्कम नाही, त्यांच्या त्या महिन्याच्या हप्त्यापेक्षा जास्त होती. पण दीड लाखाचा आकडा मनातला होता आणि माणूस त्याच आकड्यापासून पळत होता.

कागदाच्या खाली त्यांनी आपणहून आणखी एक ओळ लिहिली: पोरगा आला नाही.

माप घेणारा तो मुलगा बीडकडचा, वर्कशॉपच्याच मागच्या खोलीत राहायचा. त्या रात्रीनंतर सामान घेऊन मित्राकडे गेला होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठं नुकसान हे वाटलं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे वरून खाली येणारी शिवी सगळ्यात खालच्या माणसाच्या अंगावर जाऊन थांबते. मुलाने माप बरोबरच घेतलं होतं, ज्या दिवशी घेतलं त्या दिवसाचं. फ्रेम वेल्ड करण्याआधी साइटवर पुन्हा जाऊन बघ, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं मालकाचं काम. आणि एक व्यवहाराची गोष्ट: चूक केली की चारचौघांत शिव्या बसतात हे मुलाला एकदा कळलं की पुढची चूक तो तुम्हाला सांगणार नाही. ती थेट परांचीवरच कळेल.

त्यामुळे पहिला फोन दुकानदाराला करायचा नाही, मुलाला करायचा असं ठरलं. त्यांना वाटत होतं की मालकाने नोकराची माफी मागितली तर वचक जाईल. मी म्हटलं, माफी मागू नका वाटलं तर, फक्त खरं काय ते बोला. त्यांनी मुलाला चहाला बोलावलं आणि म्हणाले, "माप तू घेतलंस ते बरोबर होतं. परत बघायला लावायचं काम माझं होतं. आणि लोकांसमोर बोललो ते चुकलं." मुलगा त्या दिवशी काही बोलला नाही. दोन दिवसांनी कामावर आला.

दुकानदाराशी बोलण्याची मात्र आम्ही खोलीत तालीम केली. मी दुकानदार झाले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, माफ करा, पण तुम्ही टाइल्सचं सांगितलं नाहीत." 'पण' आला की माफी संपते आणि भांडण सुरू होतं. समोरच्याला 'पण'च्या पुढचंच ऐकू येतं. टाइल्सचा मुद्दा खोटा नव्हता. त्याची वेळ ती नव्हती, एवढंच. आधी बोर्ड लागू दे, हिशेब नंतर. कोणी किती सोसायचं आणि काम कधी पुरं होणार हे दोन प्रश्न एका दमात काढले की दोन्ही अडकतात, हे मी बऱ्याच धंद्यांत पाहिलं आहे.

चार-पाच वेळा बोलून वाक्यं अशी झाली: "बोर्ड चार इंच मोठा झाला. वेल्डिंगच्या आधी परत माप घ्यायला हवं होतं, ते आम्ही घेतलं नाही. तुमचं उद्घाटन फ्लेक्सवर झालं, त्याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या शुक्रवारी रात्री नवीन बोर्ड लावून देतो. हिशेबाचं त्यानंतर बसून बोलू." तारीख एकच द्यायची, आणि जमेल तीच. गुरुवारपर्यंत होईल असं वाटत असेल तर शुक्रवार सांगायचा. फोनवर नाही, समोर जाऊन बोलायचं. संध्याकाळच्या गर्दीत नाही, सकाळी दुकान उघडल्यावर. आणि दुकानदार चिडला तर त्याला पुरतं चिडू द्यायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही. आईबहिणीवर आला तर मात्र "शिव्या नकोत, मी उद्या येतो" म्हणून शांतपणे निघायचं. अपमान सोसत उभं राहणं हा भरपाईचा भाग नाही.

ते गेले. दुकानदार बराच वेळ बोलला, पण बोर्डाबद्दल फारसं नाहीच. म्हणाला, "चूक होते हो, माझ्याही धंद्यात होते. तुम्ही फोन का उचलला नाहीत? ॲडव्हान्स घेऊन पळाला असं वाटलं मला." हे ऐकून ते चकित झाले. त्यांच्या डोक्यात सतत चार इंच होते, दुकानदाराच्या डोक्यात चाळीस हजार होते. फोन बंद असला की समोरचा माणूस त्या शांततेत आपल्या मनाने कारण भरतो आणि ते नेहमी वाईटच असतं.

बोर्ड दिवाळीच्या आधी लागला. हिशेबात दुकानदाराने टाइल्सचा मुद्दा अर्धवट मान्य केला आणि उरलेल्या शेहेचाळीस हजारांतले सहा हजार कापून चाळीस दिले. यांना ते अन्याय्य वाटलं. मी विचारलं, या सहा हजारांसाठी किती रात्री जागायला तयार आहात? त्यांनी ते सोडून दिले.

इथे मला वाटलं होतं की काम संपत आलं. पण धडधड कमी झाली आणि तपासणं सुरू झालं. रात्री दोनला उठून कॉम्प्युटर लावायचा आणि उद्याच्या बोर्डावरचा 'आशीर्वाद' बघायचा. रफार 'वा'वरच आहे ना? बंद करायचा, परत उघडायचा. कुणाचा फोन नंबर दहा-दहा वेळा जुळवायचा. घरच्यांना वाटलं, चांगलंच आहे, सावध झाले. मला ते चांगलं वाटलं नाही. व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या दोन डच संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवरचा गॅसचा स्टोव्ह पुन्हा पुन्हा तपासायला लावला. आठवण चुकली नाही, पण ती पुसट झाली आणि तिच्यावरचा भरवसा घसरला. जितकं जास्त तपासावं तितकं 'आपण खरंच बघितलं का' ही शंका वाढते. त्यामुळे दहा वेळा बघणारा माणूस अकराव्यांदा उठतो.

म्हणून तपासणी डोक्यातून काढून कागदावर आणली. वेल्डिंगच्या आधी साइटवर दुसरं माप, तेही समोरच्या भिंतीचं सगळं काम संपल्यावर. दोघांनी जायचं, एकाने टेप धरून आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने लिहायचा, टेपसकट फोटो काढायचा. मजकुराचा प्रिंट काढून पार्टीची त्यावर सही, व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही. मजकूर एकदा बायकोने वाचायचा, एकदा त्यांनी. दोन टिकमार्क झाले की फाइल कटिंगला, आणि त्यानंतर ती उघडायची नाही, कितीही वाटलं तरी. उठावंसं वाटेल, छातीत होईल, ते काही वेळाने आपोआप ओसरतं, हे त्यांना स्वतः अनुभवावं लागलं. पहिला आठवडा अवघड गेला. एकदा मध्यरात्री उठून त्यांनी फाइल उघडलीच आणि दुसऱ्या दिवशी मला तसं सांगितलं. महिनाभराने रात्रीचं उठणं थांबलं.

ज्यांची अवस्था याहून बिकट आहे, कर्ज आणि बदनामी यामुळे जगणं नको वाटतं आहे, त्यांनी हिशेबाच्या कागदापर्यंत थांबू नये. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ नंबरला दिवसरात्र कधीही फोन करता येतो, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा.

शेवटच्या भेटीत ते थोडे पडलेल्या चेहऱ्याने आले होते. त्या दुकानदाराने दुसरी शाखा काढली होती आणि बोर्डाचं काम दुसऱ्याला दिलं होतं. "मॅडम, एवढं सगळं नीट करूनही?" मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. नीट दुरुस्ती केली म्हणून गिऱ्हाईक परत येईलच असं नसतं. काही येतात, काही हिशेब चुकता करून निघून जातात, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी विचारलं, मग त्याला दिवाळीचा मेसेज पाठवू का? मी म्हटलं, पाठवायचा तर काम मागायला पाठवू नका. ते जरा विचार करून म्हणाले, मग बोर्डातला एखादा एलईडी बंद पडला असेल तर बदलून देतो असंच लिहितो, वॉरंटी वर्षभराची आहेच.