विद्यापीठाच्या वायफायवर काय चालतं, काय चालत नाही? आपलं सगळं ते बघतात का?

तुम्ही लिहिलंय की यंदा कोल्हापुरात एम.एस्सी.ला प्रवेश झालाय, हॉस्टेल मिळालंय आणि वायफायच्या फॉर्मवर दोन पानी नियमांखाली सही करायची आहे. रूममेटला पासवर्ड दिला तर चालेल का, व्हीपीएन (आपला डेटा झाकून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत पाठवणारं अॅप) टाकला तर कळतं का आणि 'ते लोक' आपलं व्हॉट्सअॅप वाचतात का, असं विचारलंय. मी इथल्याच एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो, म्हणजे 'त्या लोकां'पैकीच एक.

आधी शेवटचा प्रश्न घेतो, कारण खरी धास्ती त्याचीच असते. व्हॉट्सअॅप आम्हाला वाचता येत नाही. हल्ली जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीवर चालतात, त्यामुळे मजकूर झाकलेला असतो. फायरवॉल म्हणजे कॅम्पसच्या नेटचा पहारेकरी. त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लॉगिन कुठलं, फोन कुठला, किती वाजता कुठल्या साइटवर गेला आणि किती डेटा ओढला एवढं उरतं. यूट्यूबवर होता हे कळतं, कुठला व्हिडिओ बघितला ते कळत नाही. अपवाद एक आहे. काही ठिकाणी नेट जोडताना फोनमध्ये एक सर्टिफिकेट टाकायला सांगतात. ते टाकलं की बऱ्याच साइटचा मजकूर फायरवॉलला मधल्या मध्ये उलगडता येतो. लॅबच्या मशीनवर ते असू दे, पण स्वतःच्या फोनवर टाकण्याआधी कशासाठी ते लेखी विचारा. बँकेचे व्यवहार तर मोबाइल डेटावरच करा.

हे लॉग कुणी रोज चाळत बसत नाही, तेवढी माणसंच नाहीत. पण ते जपावे लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची. त्यामुळे गणपतीत केलेला उद्योग दिवाळीनंतरही सापडतो.

आता पासवर्ड. माझ्या मते त्या दोन पानांतला हा एकच नियम अक्षरशः पाळण्यासारखा आहे. बाहेरच्या जगाला अख्खा कॅम्पस मोजक्या आयपी पत्त्यांवरच (नेटवरच्या ओळखीच्या आकड्यांवरच) दिसतो. पेठेतल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडं वीस असली तरी टपाल वाड्याच्या पत्त्यावरच यायचं, तसलाच प्रकार. तक्रार येते ती त्या सामाईक पत्त्यावर, वेळेसकट. मग आम्ही लॉग उघडतो आणि त्यात लॉगिनचं नाव निघतं. कीबोर्डवर बोटं कुणाची होती हे लॉगला माहीत नसतं. रूममेटनं काही केलं तर पहिल्यांदा खुलासा तुम्हाला द्यावा लागणार. "सर, मी तेव्हा गावी होतो" हे मी पुष्कळदा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तोवर प्रकरण समितीपुढे गेलेलं असतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूनं वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम 66 क खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड.

पोस्ट आणि फॉरवर्डचंही तेच. जून 2023 मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहरात काय झालं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. इंटरनेट बंद ठेवायची वेळ आली होती. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठीचं आयटी कायद्याचं कलम 66 अ सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये रद्द केलं म्हणून रान मोकळं झालं असं समजणारी पोरं भेटतात. पण गटागटांत तेढ लावण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं 196 आहे, अश्लील मजकुरासाठी आयटी कायद्याचं 67 आहे. 67 ब तर मुलांच्या अश्लील चित्रणासाठी आहे, त्यात नुसतं शोधणं आणि बघणंसुद्धा येतं.

फॉर्मवर सही करताना मुलं ज्या नियमावरून नजर फिरवून पुढं जातात तो म्हणजे "ई-जर्नल्स घाऊक डाउनलोड करू नयेत". तुम्ही एम.एस्सी.ला आहात, प्रोजेक्टच्या वेळी हा नियम तुम्हाला गाठणार. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय. सरकारी विद्यापीठं आणि संस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स त्यातून मिळतात आणि त्याचं समन्वयाचं काम विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र बघतं. प्रकाशक बऱ्याचदा वाचणाऱ्याला ओळखतो तो कॅम्पसच्या आयपीवरून. एखाद्यानं डाउनलोड मॅनेजर किंवा छोटी पायथॉन स्क्रिप्ट लावून अंकच्या अंक खाली ओढायला घेतले की तिकडच्या यंत्रणेला ते लगेच कळतं आणि दार त्या आयपीवरच्या सगळ्यांना बंद होतं. मग शेजारच्या विभागात थिसिसची शेवटची प्रकरणं लिहिणारी मुलगीसुद्धा अडकते. ऑक्टोबर 2010 मध्ये जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहानं अमेरिकेतल्या एमआयटीचा प्रवेश याच कारणानं काही दिवस बंद केला होता. एमआयटीला चुकलं नाही, तिथं आपली काय कथा! लागेल तो लेख उघडा, वाचा, उतरवून घ्या, कुणी अडवत नाही. स्क्रिप्ट मात्र लावू नका.

व्हीपीएन टाकला तर कळतं. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण बोगदा खणलाय हे दिसतं, कारण सगळा डेटा एकाच परक्या सर्व्हरकडे जात असतो. व्हीपीएन वापरणं हा भारतात गुन्हा नाही. मात्र कॅम्पसच्या नियमात मनाई असेल तर लॉगिन बंद होऊ शकतं. मला स्वतःला विद्यार्थ्यांच्या व्हीपीएनपेक्षा फुकटच्या व्हीपीएन अॅपची जास्त काळजी वाटते. कॉलेजपासून लपवायचं म्हणून सगळा डेटा कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या हवाली करायचा, यात शहाणपण कुठलं?

टॉरेंट (एकमेकांच्या मशीनवरून फाइल उतरवायची पद्धत) नकोच. तिथं उतरवता उतरवता तुम्ही इतरांना वाटतही असता, आणि वाटणाऱ्याचा आयपी सगळ्यांना उघडा दिसतो.

खोलीत स्वतःचा राउटर लावायची जोडणी प्रत्येक हॉस्टेलवर कुणीतरी लावतोच. भिंतीतली केबल चुकून राउटरच्या लॅन पोर्टला खोचली, की तो राउटरच मजल्यावरच्या फोनना आयपी वाटायला लागतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट झोपतं. मग रात्री अकराला आम्हाला फोन. या एका बाबतीत आम्ही फार प्रेमळ नसतो.

स्पीडचं म्हणाल तर शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली आणि निम्मं हॉस्टेल लाइव्ह बघत असलं की नेट रडणारच. तो काही गुन्हा नाही. फार तर तुमचा दिवसाचा कोटा संपेल.

काही ठिकाणी नियम जरा जास्तच कडक असतात, हेही कबूल करतो. फायरवॉलमध्ये 'गेम्स' किंवा 'फाइल शेअरिंग' असे गठ्ठेच्या गठ्ठे बंद केलेले असतात आणि त्यात अभ्यासाची साइटही सापडते. त्यासाठी भांडू नका, विभागप्रमुखांमार्फत कॉम्प्युटर सेंटरला अर्ज द्या. साइटचा पूर्ण पत्ता, कशासाठी हवी आणि ब्लॉकच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा, त्यावर बऱ्याचदा गठ्ठ्याचं नाव असतं आणि आमचं काम सोपं होतं. फोन नोंदवूनही जोडला जात नसेल तर आधी वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडमाइज्ड मॅक' (फोनचा खरा ओळखक्रमांक झाकून दुसराच दाखवणारी सोय) बंद करून बघा. अँड्रॉइड 10 पासून बहुतेक फोनवर ते आपोआप चालू असतं, आणि मग आम्ही नोंदवलेला फोन आणि तुमच्या हातातला फोन आमच्या यंत्रणेला वेगवेगळे वाटतात. नुसतं "नेट चालत नाही" लिहिलेले अर्ज माझ्या टेबलावर अजून पडून आहेत.