विद्यार्थी परिषदेच्या बैठकांना नेहमी तेच ते चेहरे येतात. बाकीच्यांना कसं जोडून घ्यायचं?

जे येत नाहीत त्यांना आधी जाऊन भेटा आणि बैठकीची वेळ, जागा, विषय त्यांना विचारून ठरवा. ‘सर्वांचं स्वागत आहे’ एवढं लिहून कोणी येत नाही. मी दोन वर्षं विद्यार्थी प्रतिनिधी होतो. संध्याकाळची बैठक आम्ही दुपारच्या सुट्टीत, तळमजल्यावर आणली, तेव्हा नोकरी करून शिकणारे, लांबून ये-जा करणारे पहिल्यांदा दिसले. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीने सांगितलं की सूचनाफलक इतका वर आहे की तिला तो वाचताच येत नाही. आमच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं!

पण मतं विचारून थांबू नका. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात नुसता सल्ला घेणं खालून चौथ्या पायरीवर आहे, भागीदारी सहाव्या. तेव्हा निधी कशावर खर्च करायचा, सूत्रसंचालन कोणी करायचं, हे निर्णयही त्यांच्या हाती द्या.

एक मात्र सांभाळा: एखाद्या गटातून एकच जण आला, तर त्या सगळ्यांच्या वतीने बोलायचं ओझं त्याच्यावर टाकू नका.