फरशीच्या टाइल्स सिमेंट-वाळूच्या मालात बसवाव्यात की अ‍ॅडहेसिव्हने? सुरुवात कुठून करावी आणि कापायला हातकटर पुरेल का?

तुमची खोली ३.३ मीटर रुंद आहे, टाइल ६०० × ६०० मिमीची व्हिट्रिफाइड आहे आणि काम तुम्ही स्वतः करणार आहात. मी फरशीचंच काम करतो. माझं म्हणणं असं, की कटर कुठला घ्यायचा हे सगळ्यात शेवटी ठरवा. किती टाइल्स कापाव्या लागतील आणि त्या किती अवघड असतील, हे मांडणीवर ठरतं. म्हणून माल कालवायच्या आधी टाइल्स कोरड्याच जमिनीवर मांडून बघा.

तुमच्याच खोलीचा हिशेब करू. ३ मिमी सांधा धरला तर एक टाइल ६०३ मिमी जागा घेते. एका भिंतीपासून सुरुवात केली तर पाच अख्ख्या टाइल्स बसतात आणि समोरच्या भिंतीला साधारण २८५ मिमीचा तुकडा उरतो. खोलीच्या मध्यरेषेवर टाइलचा मध्य ठेवला तर दोन्ही भिंतींना जेमतेम १४० मिमीच्या पट्ट्या येतात. त्या दिसायला वाईट, आणि भिंत जराशी तिरकी असली तरी लगेच उघडी पडते. आता मध्यरेषेवर टाइलऐवजी सांधा घ्या: चार अख्ख्या टाइल्स आणि दोन्हीकडे सुमारे ४४० मिमीचे तुकडे. नुसती अर्ध्या टाइलने रेष सरकवली आणि काम सोपं झालं. काठाचा तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा लहान येत असेल तर मी रेष सरकवतोच. अपवाद दाराचा. दारातून आत येताच नजर पडते ती रांग अख्खी हवी आणि समोरची भिंत कपाटाखाली जाणार असेल, तर मध्य सोडून खुशाल दारापासून सुरुवात करा.

काटकोनासाठी भिंतीवर विश्वास ठेवू नका. एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजा. तिरकं अंतर बरोबर ५ मीटर भरलं तर गुण्या जुळला. खोली लहान असेल तर दीड, दोन आणि अडीच मीटर घ्या.

आता माल की अ‍ॅडहेसिव्ह. जुनी पद्धत म्हणजे सिमेंट-वाळूचा अर्धओला माल ३० ते ५० मिमी जाड पसरायचा, टाइल ठेवून ठोकायची, उचलून खालची पोकळी भरायची, सिमेंटचा घोळ ओतून टाइल परत बसवायची. जमीन खालीवर असेल, ढाळ द्यायचा असेल किंवा जाडीला कमीजास्त असलेली दगडी फरशी असेल तर मी आजही हेच करतो. पण व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, तिचं शोषण ०.५ टक्क्यापेक्षा कमी असतं. त्यामुळे नुसता सिमेंटचा घोळ तिला नीट धरत नाही आणि पुढे टाइल पोकळ वाजायला लागते. तिच्यासाठी पॉलिमर असलेलं अ‍ॅडहेसिव्हच वापरा.

अ‍ॅडहेसिव्हची अट एकच: खालची जमीन आधीच सपाट हवी. या मापाच्या टाइलला ३ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही. खड्डे आधी वेगळे भरून घ्या, अ‍ॅडहेसिव्ह जाड थापून ते बुजवू नका. दातेरी थापीने सगळे चर एकाच दिशेने ओढा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारा आणि टाइल चरांना आडवी मागेपुढे सरकवून दाबा, म्हणजे चरांमधली हवा निघून जाते. वर्तुळात फिरवलेल्या थापीने ती आत अडकते. मधूनमधून एक टाइल उचलून पाठ बघा. कोरड्या खोलीत निदान ८० टक्के आणि न्हाणीघरात ९५ टक्के पाठ भरलेली हवी. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल बसवायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. वर जड वस्तू पडली की नेमका पोकळ कोपरा तुटतो.

कापायचं म्हणाल तर सरळ तुकड्यांना चांगला हातकटर पुरतो. चकाकीची बाजू वर ठेवून चाक एकदाच, एकसारख्या दाबाने या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा आणि मग दाबून मोडा. तीच रेघ पुन्हा ओढली की कड दातरते. मात्र बोटभर रुंदीच्या पट्ट्या आणि आतल्या कोपऱ्याचे काप हातकटरला जमत नाहीत. तिथे ग्राइंडरला अखंड कडेचं डायमंड ब्लेड लावा. खाचांचं ब्लेड काँक्रीटसाठी ठीक, टाइलची कड ते फोडतं. एल आकाराच्या कापात आतल्या कोपऱ्यावर आधी डायमंड बिटने छोटं भोक पाडा आणि दोन्ही काप तिथे आणून थांबवा, नाहीतर कोपऱ्यातून तडा जातो. काप खूप असतील तर पाण्यावर चालणारं टेबल कटर भाड्याने आणा. कड स्वच्छ येते आणि धूळ बसते. ही धूळ हलक्यात घेऊ नका, तिच्यातल्या सिलिकाने फुफ्फुसं कायमची निकामी होतात. कोरडं कापायची वेळ आलीच तर बाहेर मोकळ्यावर कापा. धुळीसाठीचा खरा मास्क आणि चष्मा लावा, नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

भिंतीलगत ५-६ मिमी फट सोडा. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली झाकली जाते, त्यामुळे काठाचा काप थोडा वाकडा आला तरी चालतो. आणि दाराची चौकट लाकडी असेल तर तिच्या आकारात टाइल कोरत बसू नका. चौकटीचाच तळ टाइल आणि अ‍ॅडहेसिव्हच्या जाडीइतका करवतीने कापा आणि टाइल चौकटीखाली सरकवा.