मुलगी शांत झाली, याचीच मला जास्त काळजी वाटते

धारूर तालुक्यातल्या एका शिक्षक-पालकांचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांची मुलगी लातूरला होस्टेलवर राहून नीटची दुसऱ्यांदा तयारी करते. पहिल्या वेळी 720पैकी 412 गुण पडले. बारावीच्या सुट्टीत ती कन्नडजवळ गौताळा अभयारण्यातल्या निसर्ग शिबिराला गेली होती. परदेशातल्या विद्यापीठांत ‘रिक्रिएशन अँड आउटडोअर लीडरशिप’ नावाची पदवी असते, हे तिला तिथल्या एका ताईंकडून कळलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं : मला कॅनडात जाऊन हेच शिकायचंय. वडिलांचे प्रश्न दोन आहेत. हे खूळ डोक्यातून कसं काढावं? आणि नाहीच निघालं, तर दोन एकर विकून तिला तिकडं धाडणं शहाणपणाचं होईल का?

सर, नमस्कार.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानाबद्दल बोलू द्या. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिता, ‘रोज रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल लावतो. फोन फिरवून टेबल, पुस्तकं, खोली दाखवायला सांगतो. रविवारच्या टेस्टचे मार्क फॅमिली ग्रुपवर टाकतो, म्हणजे काका-मामांचाही धाक राहतो. तिचे ट्रेकचे बूट माळ्यावर टाकले आहेत. दिवाळीत एकदा खडसावून सांगितलं, तेव्हापासून तिनं हा विषय काढलेला नाही. आता शांत आहे, सांगेल तेवढंच बोलते. त्यामुळं आम्ही निश्चिंत आहोत.’

निश्चिंत होऊ नका, सर. जी मुलगी बारावीपर्यंत तुमच्याशी तावातावानं वाद घालायची, ती तीन-चार महिने सांगेल तेवढंच बोलते, याचा अर्थ तिला पटलं असा तुम्ही लावलात. मला तसं वाटत नाही. घरात बोलून उपयोग नाही, एवढंच तिला कळलं असावं. वाद घालणाऱ्या मुलांची मला कधी फारशी काळजी वाटत नाही. वाद घालणारं लेकरू तुमच्याकडून अजून काही अपेक्षा ठेवून असतं. गप्प झालेलं लेकरू एकटं पडलेलं असतं, आणि लातूरच्या एका खोलीत, दुसऱ्या वर्षाच्या ओझ्याखाली, त्या एकटेपणाचं काय होईल हे तुम्ही-आम्ही इथं बसून सांगू शकत नाही.

तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. दोन एकर विकण्याची भाषा करणारा बाप मुलीचा वैरी नसतो. पण रोज रात्री खोलीची झडती घेणं आणि मार्क नातेवाइकांत वाटणं याला मी पालकत्व म्हणणार नाही. मामांच्या ग्रुपवर आपले 380 आले की 410 याची चर्चा चालते, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला माहीत असतं. त्या धाकानं बायॉलॉजीचं एक पानही जास्त पाठ होत नाही. तुम्ही स्वतः शिक्षक आहात. वर्गात एखाद्या मुलाचे मार्क चारचौघांत वाचून दाखवले की त्याचं काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल.

म्हणून आधी हे करा. या रविवारी लातूरला जा. एकटे जाऊ नका, तिच्या आईलाही न्या. टेस्टचा विषय काढू नका. बाहेर जेवायला न्या आणि तिला बोलू द्या. बोलली नाही तरी बसून राहा. झोप लागते का, जेवण जातं का, मैत्रीण कोण आहे, एवढं विचारलंत तरी पुष्कळ. ग्रुपवर मार्क टाकणं आजपासून बंद. ती फारच मिटलेली वाटली, जगण्यातच रस उरला नाही असं काही बोलली, तर परीक्षा बाजूला ठेवून तिला घरी आणा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक तुम्हीही फोनमध्ये ठेवा, तिलाही द्या.

आता तिच्या ‘खुळा’बद्दल.

तुम्ही लिहिता, ‘डोंगर चढायला डिग्री कशाला लागते? आमच्या इकडची गुराखी पोरं रोज बालाघाट चढतात.’ हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या अभ्यासक्रमात डोंगर चढणं हा एक छोटा भाग असतो. मुख्य विषय माणसं हा आहे. वीस अनोळखी माणसं घेऊन निघालात, त्यातला एक घाबरट, एक फाजील धीट, एकाला दमा, दोघांचं आपसात पटत नाही. या सगळ्यांना सुखरूप नेऊन परत आणायचं, आणि येताना त्यांना स्वतःबद्दल काहीतरी नवं कळलेलं असलं पाहिजे. त्यासाठी गटाचं मानसशास्त्र शिकवतात, धोक्याचा अंदाज घ्यायला आणि वेळेवर ‘आज मागं फिरायचं’ असं सांगायला शिकवतात. दवाखाना तासन् तास लांब असताना करायचे प्रथमोपचार, हवामान, नकाशा, झाडं-पाखरं, विमा आणि कायदा, अपंगांसाठी आणि वृद्धांसाठी उपक्रम कसे आखायचे, उद्यानं आणि शिबिरं चालवण्याचा हिशेब, हे सगळं त्यात येतं. या शिक्षणाची मुळं 1941 सालची आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञानं वेल्समध्ये ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली, ती तरुण खलाशांना संकटात तग धरायला शिकवण्यासाठी. पुढं 1965 साली पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकानं अमेरिकेत ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ सुरू केलं. चांगले चढणारे पुष्कळ आहेत, पण दुसऱ्यांना जबाबदारीनं नेणारे तयार करावे लागतात, हा त्यामागचा विचार. तुमची गुराखी पोरं तुमच्या-माझ्यापेक्षा चपळ आहेत यात शंका नाही. पण शहरातून आलेली तीस शाळकरी पोरं त्यांच्या हवाली करून तुम्ही घरी झोपायला जाल का?

आणि सर, तुमच्याच पत्रात एक गोष्ट आहे. मुलगी नववीत असताना शाळेची सहल सौताड्याला गेली होती. दरीत रामेश्वराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एका मुलीचा पाय घसरून मुरगळला. शिक्षक मंडळी धावाधाव करत होती. तुमच्या मुलीनं बाकीच्या पोरींना कडेपासून मागं घेऊन खाली बसवलं, दोघींना डोकी मोजायला लावली आणि मग आपल्या ओढणीनं त्या मुलीचा घोटा बांधला. ‘असल्या उचापती तिला न शिकवता सुचतात,’ असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत. जखमीकडे धावण्याआधी उरलेल्यांना धोक्यातून बाजूला करायचं आणि डोकी मोजायची, हा या क्षेत्रातला पहिला धडा आहे. मोठमोठ्यांना तो वर्गात शिकूनही ऐन वेळी आठवत नाही. तुमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. मी तुमच्या जागी असतो तर ही गोष्ट तक्रार म्हणून लिहिली नसती.

तिची आवड मला खरी वाटते, पण जमीन विकू नका. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. कॅनडात लेकहेड, थॉम्सन रिव्हर्स अशा विद्यापीठांत या विषयाचे चांगले अभ्यासक्रम आहेत, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. पण फी आणि राहण्याचा खर्च मिळून आकडा लाखांच्या घरात पार पुढं जातो. शिवाय 2024पासून कॅनडानं विदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आहे. शिकवण तिथल्या बर्फाची, तिथल्या नद्यांची आणि तिथल्या कायद्याची. आणि या क्षेत्रात पगार सुरुवातीला बेताचे असतात, काम हंगामी असतं. एवढं कर्ज काढून एवढ्या कमाईच्या कामात उतरलं की पहिल्या दोन वर्षांतच माणूस मिळेल ती नोकरी धरतो आणि डोंगर सुटतो. मुलीला हे गणित कागदावर मांडून दाखवा, आवाज न चढवता. तिला ते समजेल. परदेशाचा विचार करायचाच असेल तर चार-पाच वर्षं इथं काम केल्यावर, पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि शिष्यवृत्तीवर करावा.

इथं काय करता येईल? नेमक्या याच नावाची पदवी आपल्याकडं शोधत बसण्यात वर्ष घालवू नये. साधी पदवी घ्यावी : मानसशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण, यातलं जे तिला रुचेल ते. त्यासाठी संभाजीनगर पुरेसं आहे. विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे, पुढं तोही पर्याय राहतो. कॉलेजात पहिल्याच वर्षी एनसीसी घ्यावी. एनसीसीच्या कॅडेटना गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमांना जायची संधी मिळते आणि घरचा पैसा फारसा लागत नाही. तसं नाही झालं तर थेट अर्ज करावा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 सालची आहे, दार्जिलिंगची हिमालयन संस्था 1954 सालची, तिच्या प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख तेनझिंग नोर्गे होते. मनालीतही अशी संस्था आहे. बेसिक कोर्स साधारण महिनाभराचा असतो. पाठीवर जड सॅक घेऊन रोजची चाल, दोरखंडाचं काम, बर्फावर चालणं, आणि शेवटी श्रेणी मिळते. ‘ए’ मिळाली तरच ॲडव्हान्स कोर्सला जाता येतं, आणि तिथंही ‘ए’ मिळाली तर शिकवण्याची पात्रता देणारा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा कोर्स करता येतो. म्हणजे हीसुद्धा परीक्षाच आहे, आणि तिथं क्लासच्या नोट्स कामाला येत नाहीत. जागा लवकर भरतात, तेव्हा वर्षभर आधी अर्ज करावा लागतो. जोडीला ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा साधारण ऐंशी तासांचा प्रथमोपचार अभ्यासक्रम करावा. माझ्या मते नोकरी देणारा माणूस शिखरांच्या फोटोंपेक्षा हे प्रमाणपत्र आधी पाहतो, निदान पाहायला हवं.

काम कुठं मिळतं? शाळांची निवासी शिबिरं, कंपन्यांची मैदानी प्रशिक्षणं, हिमालयातल्या ट्रेक संस्था, निसर्गशिक्षण, आपत्तीच्या वेळची शोध-बचाव पथकं. महाराष्ट्र सरकारनं 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते आणि प्रशिक्षित माणसं ठेवावी लागतात. म्हणजे कागदावर तरी अप्रशिक्षित मंडळींचे दिवस संपत आले आहेत. आपल्या मराठवाड्यात मात्र हे काम जवळजवळ कुणीच नीट करत नाही. गौताळा, अंतूरचा किल्ला, पितळखोऱ्याची लेणी, नायगावचं मयूर अभयारण्य, जायकवाडीचे पक्षी, तुमच्या दारातला धारूरचा किल्ला, आणि शाळांच्या सहली मात्र वॉटर पार्कला. लातूर-संभाजीनगरात हजारो पोरं चार भिंतींत वर्षं काढतात. त्यांना महिन्यातून एक दिवस कुणी नीट बाहेर नेलं तर त्याचं मोल मी कुठल्याही टेस्ट सिरीजपेक्षा जास्त धरीन. ही जागा तुमच्या मुलीसारख्या कुणासाठी मोकळी आहे. लगेच पैसा मिळेल असं मात्र सांगणार नाही. गुडघे-पाठ जपावी लागते, पावसाळ्यात अन् कडक उन्हाळ्यात हात रिकामे राहू शकतात, म्हणून पदवी हवीच.

‘मुलीच्या जातीला हे शोभतं का, पुढं लग्नाचं काय?’ असंही तुम्ही विचारलंय. बचेंद्री पाल यांनी एम.ए., बी.एड. केलं होतं. घरच्यांना त्या शिक्षिका व्हायला हव्या होत्या, गिर्यारोहणाला विरोध होता. 1984 साली त्या एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि नंतर जमशेदपूरच्या टाटा स्टील ॲडव्हेंचर फाउंडेशनमध्ये त्यांनी कितीतरी जणांना घडवलं. तुमची मुलगी एव्हरेस्टवर जाईल असं मी म्हणत नाही, तिनं जायलाच हवं असंही नाही. पण ‘मुलीच्या जातीला’ हे शब्द तिच्यासमोर पुन्हा काढू नका, आणि एकोणिसाव्या वर्षी लग्नाचा हिशेब मांडू नका.

नीटचं काय, हे तिला ठरवू द्या. वर्ष गेलंच आहे तर मे महिन्यात परीक्षा देऊन टाकावी असं मला वाटतं, पण तिला आताच थांबायचं असेल तर अडवू नका. 412 गुण घेणारी मुलगी बुद्धीनं कमी नाही. आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसी, सीईटी हे सगळे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत, त्यावर मी वेळ घालवत नाही.

निकालानंतर मला पुन्हा लिहा. तेव्हा पत्र तिनं स्वतः लिहिलेलं असावं, तुम्ही वाचून-तपासून पाठवलेलं नको. कोणतं कॉलेज, कोणता विषय, गिर्यारोहण संस्थेचा अर्ज कधी भरायचा, हे मी तिच्याशीच बोलेन. तोवर तिनं रोज सकाळी धावायला सुरुवात करावी, कारण बेसिक कोर्सआधी वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि होस्टेलच्या खुर्चीत बसून गेलेला दम परत यायला वेळ लागतो. त्यासाठी बूट लागतील. ते माळ्यावरून काढून रविवारी सोबत घेऊन जा.