पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसतंय, कळप कसा वाचवू?

कोंबडीची पाच आठवड्यांची पिल्लं पंख फुगवून कोपऱ्यात बसतायत आणि विष्ठा लालसर आहे असं तुम्ही लिहिलंय. हा बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण. आजारी पिल्लं वेगळी करा आणि आजच ताजी विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्यकाकडे जा, सूक्ष्मदर्शकाखाली निदान होतं. उद्यावर ढकलू नका, एवढी लहान पिल्लं फार झपाट्याने खचतात. सहसा पाण्यातून अँप्रोलियम देतात, मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. ते चालू असताना बी-1 जीवनसत्त्व असलेलं टॉनिक मात्र बंद ठेवा. परजीवीला बी-1 मिळू न देणं हेच या औषधाचं काम, वरून तेच पाजलं तर औषधाचा जोर ओसरतो.

आता पाण्याच्या भांड्याजवळचा, खाली अंथरलेला तूस मुठीत घट्ट दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर रोगाचं घर तिथेच आहे. विष्ठेतून पडलेले परजीवीचे कोश उबदार ओलीत 1-2 दिवसांत संसर्ग करण्याजोगे होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाहीत. ओला थर खरवडून लांब टाका, कोरडा तूस पसरा, भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीला टांगा म्हणजे पाणी सांडणार नाही. माझ्या मते निम्मी लढाई हीच.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस राहिली असेल तर पिल्लं सावरल्यावर टोचून घेण्याबद्दल विचारा. नवी कोंबडी आणलीत तर 30 दिवस वेगळी ठेवा, आणि दाणापाणी आधी जुन्यांना, मग तिला.