बाई, ती तांदळाची पेटी खरी होती का?

पस्तीस वर्षं मी वर्गात पानिपत शिकवलं, तेव्हा मागचा बाक हमखास डुलक्या घ्यायचा. आता तोच बाक नातवंडांसोबत कोरियन मालिका बघतो आणि मला पत्रं पाठवतो. या वेळच्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रं त्याच देशाची आहेत, त्यामुळे बाकीच्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी एसटीतून रिटायर झालेला माणूस. नात अकरावीला आहे, ती मोबाईलवर कोरियाच्या इतिहासातली मालिका बघते. मालिकेचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. परवा रात्री म्हटलं, काय बघूलालीस एवढं, अन् तिच्याजवळ बसलो. बसलो तेच चुकलं. राजा स्वतःच्या लेकाला तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटीत घालतो, वरून दोर आवळतो अन् भर उन्हाळ्यात अंगणात ठेवून देतो. दहा वर्षांचं लेकरू आजापुढं लोटांगण घालतंय अन् आजा ढिम्म. आतून नखं ओरबाडल्याचा आवाज आला तसा मी उठून बाहेर गेलो, उगंच नळ चालू करून पाय धुतले. नात म्हणते, आबा, खरं झालंय हे. मी म्हणतो, शक्यच नाही. मारायचंच होतं तर तलवारी काय गंजल्या होत्या? अन् पेटीतल्याची माय कुठं गेली होती? आमच्याकडं माय आडवी पडली असती त्या पेटीवर.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : आबा, नातीला शंभर रुपये द्या. खरं झालंय.

तुमच्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते १७६० च्या फेब्रुवारीत. आमच्या बीड जिल्ह्यात राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी त्याला पुन्हा लोळवलं ते १७६३ च्या ऑगस्टमध्ये. या दोन लढायांच्या मधे, १७६२ च्या जुलैत, आजच्या सोल शहरातल्या चांगग्योंग राजवाड्यात ती पेटी बंद झाली. राजाचं नाव योंगजो. आत त्याचा मुलगा, युवराज सादो, वय सत्तावीस. आठ दिवसांनी तो आत मेला. ‘सादो’ हे नावही बापानं तो गेल्यावर दिलेलं आहे, शोकानं आठवण काढणं अशा अर्थाचं. आधी पेटी, मग हे नाव. मला त्या माणसाचा राग येतो तो इथं.

तलवार का नाही? युवराजाला गुन्हेगार ठरवून मारलं असतं तर गुन्ह्याचा डाग बायकोमुलांवरही आला असता. मग ज्याला तुम्ही लोटांगण घालताना पाहिलंत, तो दहा वर्षांचा सान गादीवर बसू शकला नसता, आणि म्हाताऱ्याला दुसरा वारस नव्हता. विष द्यावं तर तीही राजशिक्षाच. आधी राजानं त्याला ‘तूच जीव दे’ म्हणून फर्मावलं, भोवतालच्या लोकांनी ते होऊ दिलं नाही. मग त्याला युवराजपदावरून काढलं आणि पेटी मागवली. पेटीत माणूस आपोआप मेला तर कागदावर कुणी कुणाला मारलेलं नसतं. मालिकेत हे समजावून सांगत नाहीत, नुसता दोर दाखवतात.

आता पेटीबद्दल. तुम्हाला ती फळकुटाची वाटली असेल, दोन लाथांत फुटेल अशी. कोरियात तिला त्विजू म्हणतात. चार पायांची जाड लाकडी पेटी, झाकण वरून उघडतं. आपल्याकडे तिच्या जागी कणगी, पेव, बळद. केजजवळच्या आमच्या आजोळच्या वाड्यात दोन भिंतींच्या मधे बांधलेलं बळद होतं, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. तळाचा जोंधळा हाताला यायचा नाही, मग घरातलं सगळ्यात हडकुळं पोर खाली सोडायचे. एका वैशाखात ती पाळी माझ्यावर आली. मामानं आधी कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही, मग मला बखोटीला धरून उतरवलं आणि वरून टोपलं दिलं. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास, मानेवर जोंधळ्याची धूळ, आणि भिंती अशा तापलेल्या की पाठ टेकवत नव्हती. बाहेर आई आणि मामी बोलत होत्या. आवाज ओळखू येत होते, शब्द कळत नव्हते. चार टोपली भरेपर्यंत मी रडायला लागले होते, आणि माझ्या डोक्यावर तर उघडं तोंड होतं. त्याच्यावर झाकण होतं, दोर होते, वर गवताचे भारे टाकले होते.

आणि आता माय. तिचं नाव योंगबिन. तुम्ही म्हणता ती आडवी पडली असती. आबा, ती त्या दिवशी स्वतः चालत राजाकडे गेली आणि म्हणाली की मुलाच्या आजाराला आता इलाज उरला नाही, नातवाला वाचवा, काय करायचं ते करा. हे आपल्याला सांगितलं तिच्या सुनेनं, सादोच्या बायकोनं, ह्येग्योंगनं. या बाईनं म्हातारपणी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, आणि ती नसती तर तुमची ही मालिका अर्धीही उभी राहिली नसती.

तिच्या लिखाणातला नवरा मालिकेतल्यासारखा गोरागोमटा बिचारा नाही. त्याला कपड्यांची भीती बसली होती. एक जोड अंगावर चढवायला दहा, वीस, कधी तीस जोड काढून ठेवावे लागत. १७५७ मध्ये त्यानं एका खोजाचं मुंडकं तोडून आणलं आणि बायकोला, दासींना दाखवलं. त्याच्या हातून नोकर मेले. योंगबिनला हे सगळं ठाऊक होतं. पण हा मुलगा असा का झाला, तेही सून लिहिते. बाप त्याला हाक मारून विचारायचा, ‘जेवलास का?’ त्यानं उत्तर दिलं की लगेच पाणी मागवून स्वतःचे कान धुवायचा. पोटच्या पोराचा आवाज अपशकुनी म्हणून! मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले. तुम्ही नळावर गेलात तसंच.

मालिकावाले यात दरबारातल्या नोरोन गटाला खलनायक करतात. गट होते, कारस्थानंही होती. तरी मला ते सोयीचं वाटतं. कारस्थानी प्रधान दाखवला की बापाचे कान धुणं झाकलं जातं.

योंगबिन पुढं दोनच वर्षं जगली. सून मात्र त्या दिवशी भिंतीआड उभी राहून ऐकत होती. तिला नवऱ्याचा आवाज आला : चुकलो, आता तुम्ही म्हणाल तसं वागीन, अभ्यास करीन. सत्तावीस वर्षांचा बाप्या, पोराबाळांचा बाप, आणि म्हणतो काय, अभ्यास करीन. नातीला विचारा, हे वाक्य मालिकेत घेतलंय का. नसेल घेतलं तर त्यांचा पटकथाकार माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला असता.

प्रश्न : मॅडम, राजपुत्र राजाला ‘आबामामा’ का म्हणतो? तो नेमका आबा की मामा? आमच्या हॉस्टेलवर यावरून पैज लागली आहे.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दोन्ही बाजू हरल्या, पैजेचे पैसे मला पाठवा. ‘आबा’ म्हणजे बापच, पण ‘मामा’ हे नातं नव्हे, राजघराण्यातल्या माणसाच्या नावापुढे लावायचा मान आहे, आपल्या ‘महाराज’, ‘साहेब’सारखा. बाप तो आबामामा, आई ती ओमामामा, आजोबा हालबामामा. माझी पंचाईत अशी की आमच्या धाकट्या मामांना सगळे आबा म्हणायचे, म्हणून आम्ही भाचरं त्यांना आबामामा म्हणायचो. त्यामुळे दरबारात कितीही रडारड चालू असली तरी मला धोतराचा सोगा सावरत, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन येणारे आमचे मामाच दिसतात. बळदात मला सोडलं होतं तेही यांनीच.

प्रश्न : त्या लहान पोराचं पुढं काय होतं? अजून साठ-सत्तर भाग राहिलेत, मला दम निघत नाही. सांगून टाका.
— गृहिणी, परभणी

उत्तर : ज्यांना पुढचं कळायला नको असेल त्यांनी इथं पान उलटावं.

तो राजा होतो. आजा ५२ वर्षं राज्य करून १७७६ मध्ये गेला आणि सान गादीवर आला. इतिहासात त्याला चोंगजो म्हणतात. गादीसाठी त्याला कागदोपत्री मेलेल्या काकाचा मुलगा केलं होतं, जन्मदात्या बापाचं नाव पुसून. गादीवर आला त्या दिवशीच त्यानं भर दरबारात सांगितलं, मी युवराज सादोचा मुलगा आहे. दरबारातल्या काही जणांच्या पोटात गोळा आला असणार.

पण त्याच वर्षी, आजा हयात असताना, यानंच अर्ज करून दरबाराच्या रोजनाम्यातली बापाच्या शेवटाची नोंद काढून टाकायला लावली होती. ती पानं धुऊन टाकली. हे मालिकेत कसं दाखवतात ते बघा आणि मला कळवा. बापाचं नाव छातीवर हात ठेवून घेणारा आणि बापाची पानं धुणारा, एकच माणूस. मला त्यात विसंगती वाटत नाही. ज्या घरात अशी मरणं होतात, तिथली पोरं असंच करतात.

१७८९ मध्ये त्यानं बापाची कबर सुवॉनजवळ हलवली, पुढं तिथं ह्वासोंगचा किल्ला बांधला. १७९५ मध्ये आईची साठी आली. सादो आणि ती एकाच वर्षी, १७३५ मध्ये जन्मलेले, म्हणजे बाप असता तर त्याचीही साठीच. चोंगजो तिला पालखीत बसवून, हजारोंच्या लवाजम्यानिशी, हान नदीवर होड्यांचा पूल टाकून सुवॉनला घेऊन गेला. तिथं तिच्यासाठी मोठी मेजवानी दिली. जाऊन येऊन दिवस लागले आठ.

आणि त्याच वर्षी ह्येग्योंगनं आठवणींचा पहिला भाग लिहिला. पेटीचं त्यात नीटसं नाही. ते तिनं लिहिलं शेवटच्या भागात, १८०५ मध्ये, मुलगा वारल्यावर पाच वर्षांनी.